बाहुली पाचव्या टप्प्यावर: मुलांसाठी शिकवणारा पपेट-भाग कसा बनवावा

मुलांसाठी पाच-सहा मिनिटांचा शिकवणारा भाग बनवायला निघालेली बहुतेक मंडळी पहिल्याच दिवशी फोम आणि कापड घेऊन बसतात. बाहुली छान होते, तिला नाव पडतं, आवाज सापडतो, आणि मग प्रश्न येतो: आता हिच्याकडून शिकवून काय घ्यायचं? पुढचं ठरलेलं असतं. बाहुली कॅमेऱ्याकडे बघत धडा वाचते, मुलं अर्ध्या मिनिटात उठून जातात, आणि खापर फुटतं बाहुलीच्या डोळ्यांवर, नाहीतर 'हल्लीच्या मुलांना धीरच नाही' यावर. खरं तर कामाचा क्रम उलटा झालेला असतो. खालच्या आठ टप्प्यांत बाहुली पाचव्या टप्प्यावर येते. कितीही हात शिवशिवले तरी तिला त्याआधी आणू नका.

हे सगळं हातबाहुलीसाठी आहे, म्हणजे तोंडात हात घालून जिला बोलती करतात ती. कळसूत्री बाहुलीला पहिले चार टप्पे आणि शेवटचा टप्पा तसेच लागू पडतात, मधलं तंत्र मात्र वेगळं. प्रेक्षक तीन ते सहा वर्षांचे धरले आहेत. किमान दोन माणसं लागतील: एक बाहुली चालवणारा, एक कॅमेऱ्यामागे. शिवाय बरा कॅमेरा असलेला फोन, स्टँड, फोनला जोडता येईल असा दुसरा स्क्रीन आणि एक कॉलर माइक.

## टप्पा १ : एक वाक्य लिहा

कागदावर एवढंच लिहायचं: 'हा भाग पाहिल्यावर मूल अमुक करून दाखवेल.' 'अमुक'च्या जागी डोळ्यांना दिसणारी कृती हवी. 'मुलाला संख्या समजतील' हे वाक्य बाद, कारण समजलं की नाही हे तुम्ही तपासणार कसं?

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. तीन-साडेतीन वर्षांची पुष्कळ मुलं दहापर्यंत आकडे धडाधड म्हणतात. पण त्यांच्यासमोर चार ठोकळे ठेवून मोजायला सांगा. 'एक, दोन, तीन, चार' म्हणून होतं. लगेच विचारा, 'मग किती आहेत?' मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. आपलं वाक्य इथून निघतं: 'समोर आठ-दहा ठोकळे ठेवून 'मला चार दे' म्हटलं, तर मूल मोजून बरोबर चार देईल.'

वयाची पट्टी अरुंद ठेवा. तीन ते चार किंवा पाच ते सहा. 'तीन ते आठ' असं लिहिलेला भाग तिशीतल्या माणसांसाठीच बनतो.

थांबा: अडीच वर्षांखालच्या मुलांसाठी असा भाग बनवू नका. समोर बसलेल्या माणसाने दाखवलेली गोष्ट ती चटकन उचलतात, पण तीच गोष्ट पडद्यावरून फार कमी उचलतात. प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे.

तपासा: वाक्यात 'आणि' आलं आहे का? आलं असेल तर ते दोन भाग आहेत. दुसरा पुढच्या वेळी.

## टप्पा २ : पात्राला काय येत नाही ते ठरवा

बाहुलीला शिक्षक करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सगळं माहीत असलेली बाहुली बघायला कंटाळवाणी असते आणि तिच्याबरोबर मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. बाहुली मुलाच्या वयाची किंवा वर्षभराने लहान ठेवा. माहितगार भूमिका हवीच असेल तर ती माणसाला द्या.

आपल्या उदाहरणातल्या बाहुलीला झिपरी म्हणू. तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: तिला काय हवं असतं, काय येत नाही, आणि न येण्याची तिची खास तऱ्हा कोणती. झिपरीला सगळ्यांना घरी बोलवायला आवडतं. तिला मोजता येत नाही, पण येतं असं तिला ठामपणे वाटतं. मोजताना तिचा हात इतका जोरात चालतो की एखादी वस्तू दोनदा मोजली जाते. एवढ्यावर अख्खी मालिका उभी राहू शकते. 'झिपरी खोडकर आणि प्रेमळ आहे' या वर्णनावर एक भागही उभा राहत नाही.

आवाजही आत्ताच ठरवा. निवडायचा तो आवाज, जो तुम्हाला तासभर सलग काढता येईल. घसा ताणून काढलेला चिरका आवाज पहिल्या दहा मिनिटांत गोड वाटतो. दुपारनंतर तो बदलतो, आणि एडिटिंगला बसल्यावर एकाच दृश्यात दोन झिपऱ्या ऐकू येतात.

## टप्पा ३ : गोष्टीची गाठ आणि धडा एकाच जागी आणा

संहिता लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातून धडा काढून टाकला तर गोष्ट तशीच चालेल का? चालत असेल तर धडा वरून चिकटवलेला आहे. मुलं गोष्ट लक्षात ठेवतील आणि धडा तिथेच सांडतील.

चिकटवलेला धडा असा असतो: झिपरीचा चेंडू हरवतो, शोधाशोध होते, वाटेत ती चार फुलं दिसली म्हणून मोजते, शेवटी चेंडू सापडतो. फुलं काढा, गोष्टीला ओरखडाही येत नाही.

गाठीवर बसलेला धडा असा: झिपरीकडे पाहुणे आलेत, खुर्च्या दुसऱ्या खोलीत आहेत. ती पाहुणे मोजते, एकाला दोनदा मोजते, पाच खुर्च्या ओढत आणते. एक रिकामीच. 'कोण गेलं?' म्हणून ती घाबरते. मग मैत्रीण तिला प्रत्येकाच्या डोक्यावर एकदाच हात ठेवत मोजायला लावते: 'एक, दोन, तीन, चार... चार!' शेवटचा 'चार' म्हणताना हात सगळ्यांभोवती गोल फिरतो. इथे मोजल्याशिवाय गोष्ट सुटतच नाही.

लिहिताना या गोष्टींकडे लक्ष द्या:

1. चुकीला किती वेळ दिलाय ते मोजा. पाच मिनिटांतली चार मिनिटं भांडण आणि शेवटी अर्धा मिनिट 'सॉरी', अशी रचना असेल तर मुलं भांडण शिकतात. बरोबर कृती चुकीच्या कृतीपेक्षा जास्त वेळा दिसली पाहिजे. आपल्या भागात चुकीची मोजणी एकदा आणि बरोबर मोजणी निदान तीनदा: पाहुणे, खुर्च्या, शेवटी पेले.

2. रूपक टाळा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना 'क्लिफर्ड' या कार्टून मालिकेतला एक भाग दाखवला होता. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे सुरुवातीला त्याच्याशी बिचकून वागतात, मग त्याला आपला मानतात. वेगळ्या दिसणाऱ्या माणसांशी कसं वागावं, हा धडा अपेक्षित होता. मुलांना विचारलं तर बहुतेक जण कुत्र्यांबद्दलच बोलली. माणसांबद्दल सांगायचं असेल तर दृश्यात माणूस आणा.

3. उत्तरासाठी जागा सोडा. बाहुली प्रश्न विचारते आणि गप्प राहते, ती गप्प राहण्याची वेळ संहितेत लिहा: '(थांबते, मनात चारपर्यंत मोजून)'. मोठ्या माणसाला हा वेळ अंगावर येतो. मुलाला तो पुरतो न पुरतो.

4. एकाच वेळी एकच काम सांगा. झिपरी मोजत असताना मागे फुगा फुटला, मांजर आलं, गाणं वाजलं तर मोजणी गेली. गंमत मोजणीच्या आधी घ्या किंवा नंतर घ्या. मोजणी चालू असताना पडद्यावर दुसरं काहीही हलता कामा नये.

तपासा: संहिता मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. पाच मिनिटांच्या भागाची संहिता वाचायला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कापा. हालचालींना आणि थांबण्यालाही जागा लागते.

## टप्पा ४ : कागदावर चाचणी घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि नंतर तीन आठवड्यांच्या कामावर पाणी सोडतात.

दृश्यागणिक साधी चित्रं काढा. काड्यांची माणसं चालतील. सगळे संवाद फोनवर रेकॉर्ड करा आणि एडिटिंगच्या अॅपमध्ये चित्रं त्या आवाजाखाली लावा. याला अॅनिमॅटिक म्हणतात. एका संध्याकाळचं काम आहे. आता तो चार-पाच मुलांना दाखवा, प्रत्येकाला वेगवेगळा. सगळ्यांना एकत्र बसवलं तर मुलं पडद्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघतात.

दाखवताना युक्ती वापरा. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी टीव्ही मालिकेसाठी संशोधन करणाऱ्या एडवर्ड पामर यांनी टीव्हीशेजारी स्लाइड प्रोजेक्टर ठेवला होता. त्यावरचं चित्र दर ७.५ सेकंदांनी बदलायचं, आणि मूल कधी टीव्ही सोडून त्या चित्राकडे बघतं याची नोंद व्हायची. तुम्ही शेजारी दुसऱ्या स्क्रीनवर फोटोंचा स्लाइड-शो लावा आणि संहितेच्या प्रतीवर जिथे नजर हटली तिथे रेघ मारा. तीन मुलांच्या रेघा एकाच ओळीवर आल्या तर ती ओळ गेली, वाद घालू नका. १९६९ मध्ये या मालिकेच्या चाचणी भागांत असंच दिसलं. खरी माणसं आणि बाहुल्या वेगळ्या ठेवाव्यात असा तज्ज्ञांचा सल्ला होता. प्रत्यक्षात फक्त माणसं असलेल्या रस्त्यावरच्या दृश्यांत मुलांचं लक्ष उडत होतं. मग बाहुल्याही त्या रस्त्यावर राहायला आल्या.

पाहून झाल्यावर 'आवडलं का?' विचारू नका. मुलं 'हो' म्हणतात, बहुतेकदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तीन गोष्टी करा: 'काय झालं ते सांग' म्हणा, 'झिपरी का घाबरली?' विचारा, आणि टप्पा १ मधलं वाक्य करून बघा. ठोकळे पुढे ठेवा आणि चार मागा.

थांबा: विषय मृत्यू, आजारपण, घर सोडणं किंवा आईवडिलांचं वेगळं होणं असा असेल तर ही चाचणी टाळायचीच नाही. १९९२ मध्ये 'सेसमी स्ट्रीट'ने घटस्फोटावर एक भाग चित्रित केला होता. चाचणीत मुलं गोंधळली आणि अस्वस्थ झाली. तयार भाग त्यांनी प्रसारितच केला नाही. एवढी तयारी असलेल्यांचा अंदाज चुकतो, तर आपला चुकणारच.

## टप्पा ५ : आता बाहुली

संहितेवरून बाहुलीची कामं आधी लिहून काढा. झिपरीला वस्तू ओढायच्या आहेत, डोक्यावर हात ठेवायचा आहे. म्हणजे निदान एक हात काठीवर चालणारा हवा. संहितेत नसलेल्या करामती, फिरणारे कान वगैरे, सोडून द्या.

डोकं. साधारण १२ मिलिमीटर जाडीचा फोम, त्यावर फ्लीसचं कापड. फोम जोडताना कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह दोन्ही कडांना लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या आणि मगच कडा दाबा. ओलं असताना दाबलेला सांधा दुसऱ्या दिवशी उघडतो. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करा, या गोंदाच्या वाफा वाईट असतात.

तोंड. जाड पुठ्ठ्याचे किंवा रबर शीटचे दोन तुकडे, मधे कापडाची बिजागरी. वरच्या तुकड्याला आतून चार बोटांसाठी आणि खालच्याला अंगठ्यासाठी फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे पकड घसरत नाही. तोंडाची आतली बाजू गडद ठेवा, तोंड उघडलेलं दुरून दिसतं.

डोळे. टेबल-टेनिसच्या चेंडूचे अर्धे भाग चालतात. बाहुल्यांचा सगळा जीव बुबुळं लावण्यात असतो, आणि लोक ती पहिल्या पाच मिनिटांत गोंदाने पक्की करून बसतात. तसं करू नका. काळ्या कागदाच्या गोल चकत्या दुहेरी टेपने तात्पुरत्या लावा. बाहुली हातात घालून कॅमेऱ्यासमोर दोन मीटरवर धरा आणि पडद्यावर बघा. चकत्या बरोबर मधोमध असल्या तर बाहुली शून्यात बघते. दोन्ही किंचित नाकाकडे सरकवा, एक-दोन मिलिमीटर, आणि एकदम ती तुमच्याकडे बघायला लागते. जास्त सरकवल्या तर तिरळी दिसते. समाधान झालं की फोटो काढा, त्यावरून खुणा करा, मग गोंद.

रंग. मागच्या भिंतीच्या रंगाची बाहुली करू नका. मागचं दृश्य नंतर बदलण्यासाठी हिरवा पडदा वापरणार असाल तर बाहुलीवर हिरव्याचा ठिपकाही नको. हाताच्या काठ्या चकचकीत नकोत, मागच्या रंगाशी जुळणारा मॅट रंग द्या.

तपासा: बाहुली हातात घालून हात वर ताठ धरा आणि पाच मिनिटं तसंच बोला. खांदा भरून आला तर डोक्यातला फोम कमी करा. चित्रीकरणात हेच तासन्‌तास करायचं आहे.

## टप्पा ६ : सराव

नवख्याची बाहुली ओळखायला तीन सेकंद पुरतात: डोकं मागे झटकत बोलते, छताकडे बघते आणि हळूहळू फ्रेममधून खाली बुडत जाते. तिन्ही दोष सरावाने जातात, आणि ते याच क्रमाने घालवायचे.

आधी आरसा नको, मॉनिटर लावा. टीव्हीसाठी बाहुली चालवणारे कलाकार बाहुलीकडे न बघता मॉनिटरकडे बघतात, आणि मॉनिटरवरचं चित्र आरशासारखं उलटवलेलं नसतं. तुम्ही हात उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. सुरुवातीला डोकं चक्रावतं, पण सवय याचीच व्हायला हवी, कारण प्रेक्षकाला हेच चित्र दिसणार आहे. फोनच्या पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसणारं चित्र सहसा उलटवलेलं असतं. त्यावर सराव केला तर चित्रीकरणाच्या दिवशी झिपरी प्रत्येक पाहुण्याच्या उलट दिशेला बघेल. मागचा कॅमेरा वापरा आणि त्याचं चित्र दुसऱ्या स्क्रीनवर घ्या.

तोंड खालच्या जबड्याने उघडतं. आपण बोलताना कवटी वर उचलत नाही, जबडा खाली नेतो. बाहुलीतही अंगठा खाली जातो आणि वरची चार बोटं जवळजवळ स्थिर राहतात. हाताची नैसर्गिक सवय याच्या नेमकी उलट, बोटं उचलण्याची. चार बोटांवर पातळ वही ठेवून ती न पाडता अंगठा चालवायचा सराव करा.

उघडायचं केव्हा? लिहिलेली अक्षरं मोजू नका, ऐका. 'चार' लिहिताना अक्षरं दोन, पण बोलताना तोंड एकदाच उघडतं. नवखे लोक 'चा'ला एकदा आणि 'र'ला एकदा उघडतात आणि बाहुली चघळल्यासारखी बोलते. मोजणी अशी बसवा: 'एक'ला थोडं उघडून मिटा, 'दोन'ला अर्धं, 'तीन'ला जेमतेम फट, 'चार'ला पूर्ण. आवाजातला 'आ' हा मोठा, 'ओ' मधला, 'इ' आणि 'ई' लहान. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे बाहुलीचं तोंड मिटलेलंच दिसायला हवं. 'मला पाच हवेत' म्हणताना 'म'ला मिटलेलं, 'ला'ला उघडं, पुन्हा 'पा'च्या आधी मिटलेलं आणि मग पूर्ण उघडं. एवढ्या एका मिटण्याने बघणाऱ्याचा विश्वास बसतो.

भरभर बोलताना प्रत्येक उच्चार पकडायला जाऊ नका. जोर दिलेले तेवढे घ्या. आणि वाक्य संपलं की तोंड बंद. उघड्या तोंडाने ऐकणारी बाहुली बावळट दिसते (तशीच दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी).

नजर. कोपरापासून हात सरळ वर, आणि मनगटातून पुढे काटकोनाला येईल इतका वाकवा. हात दमला की मनगट सैल पडतं आणि नजर छताला लागते. मॉनिटरवर एक खूण ठरवा: बुबुळांची रेषा लेन्सच्या किंचित खाली. दुसऱ्या पात्राशी बोलताना आधी नजर वळते, मग डोकं, मग बोलणं. तिन्ही एकदम झालं तर यंत्र वाटतं.

उंची. फ्रेमच्या खालच्या कडेला बाहुलीच्या कमरेची रेषा कुठे येते ते मॉनिटरवर टेपची पट्टी लावून ठरवा. दर वाक्याला त्या पट्टीकडे बघा. बाहुली प्रवेश करताना खालून टपकन उगवत नाही. जिना चढून आल्यासारखी, एकेक पाऊल, डोकं आधी. जाताना तशीच उतरते.

स्थिर राहणं. दुसरा बोलत असताना तुमच्या बाहुलीने हलायचं नाही. श्वासाइतकं हलकं चालेल. सतत डुलणारी बाहुली लक्ष चोरते, आणि ते नेमकं मोजणीतून चोरते.

उजव्या हाताने डोकं चालवणाऱ्याचा डावा हात काठीवर राहतो. म्हणून बाहुली डावखुरी होते. ते चालतं. फक्त सगळ्या भागांत तशीच ठेवा आणि वस्तू तिच्या डाव्या बाजूला मांडा.

तपासा: आवाज बंद करून सरावाची चित्रफीत बघा. झिपरी कोणत्या आकड्यावर आहे ते कळलं पाहिजे. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐका, तेव्हाही कळलं पाहिजे.

## टप्पा ७ : चित्रीकरण

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतलेल्या दृश्यात चालवणाऱ्याचं डोकं येतं, आणि लहान मुलाला बाहुली आपल्या पायाशी असल्यासारखी वाटते. फोनवर सेकंदाला २५ फ्रेम ठेवता आल्या तर ठेवा. दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर पट्टे फिरताना दिसतात. ऑटो-फोकस आणि ऑटो-एक्सपोजर कुलूपबंद करा. बाहुली पुढे-मागे झाली की फोन श्वास घेतल्यासारखा उजळतो आणि मंदावतो.

आवाज तिथल्या तिथेच घ्या. माइक शर्टाला लावू नका, हात वर गेला की कापड घासतं. कपाळाला पट्टी बांधून त्यावर लावा, बाहुली चालवणारे व्यावसायिक हेच करतात. संवाद नंतर डब करायचा मोह होतो, पण तोंड आणि आवाज एकाच श्वासात झालेले असले की जी जान येते ती डबिंगमध्ये येत नाही. अपवाद गाण्याचा. गाणं आधी रेकॉर्ड करून वाजवायचं.

क्रम असा: धड्याचं दृश्य सगळ्यात आधी, हात ताजा असताना. म्हणजे आपली बरोबर मोजणी. त्यानंतर लांबून पूर्ण प्रसंग, मग जवळचे शॉट, शेवटी नुसत्या वस्तू. लोक गोष्टीच्या क्रमाने चित्रित करतात आणि मोजणीपर्यंत पोचतात तेव्हा झिपरी छताकडे बघत असते.

प्रसंगात खरं मूल असेल तर त्याला बाहुलीशी आधी दहा मिनिटं खेळू द्या. चालवणारा समोर दिसत असला तरी मुलं बाहुलीशीच बोलतात, त्यामुळे लपायची गरज नाही. पालक सेटवर हवेत, परवानगी लेखी हवी, आणि मूल 'नको' म्हणालं की काम थांबलं.

थांबा: टेक संपला म्हणून मुलासमोर बाहुली हातातून ओरबाडून टेबलावर फेकू नका. 'झिपरी झोपायला गेली' म्हणून फ्रेमखाली न्या आणि मग काढा. पुढच्या टेकला ते मूल तिच्याशी बोलायला हवं आहे ना?

## टप्पा ८ : अॅनिमेशनचे तुकडे, एडिटिंग आणि पुन्हा चाचणी

अॅनिमेशन फक्त तिथे वापरा जिथे बाहुलीचा हात कमी पडतो: अक्षर कोणत्या दिशेने लिहायचं, चार वस्तूंभोवती रेघ कशी फिरते. एक चित्र दोन फ्रेम टिकवा, म्हणजे सेकंदाला १२-१३ चित्रांत काम भागतं. तुकड्यातली झिपरी बाहुलीसारखीच दिसली पाहिजे, विशेषतः डोळे. वेगळी दिसली तर तीन वर्षांच्या मुलासाठी ते दुसरंच कुणीतरी.

एडिटिंग करणाऱ्याला पहिली सूचना लेखी द्या: थांबण्याच्या जागा कापायच्या नाहीत. सवयीने प्रत्येक जण तिथेच कात्री लावतो. मोजणीचा पूर्ण शॉट अखंड ठेवा. दर आकड्याला कट मारला तर चारही पाहुणे एका वेळी पडद्यावर कधीच दिसत नाहीत, आणि 'एकूण' ही गोष्ट बघायलाच मिळत नाही. महत्त्वाच्या शब्दावर 'टिंग' वाजवू नका, शब्दानंतर वाजवा.

थांबा: लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, आणि गडद लाल रंगाचा तर नकोच. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. तयार 'इफेक्ट' टाकण्याआधी तो फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन मोजा.

तयार भाग नव्या मुलांना दाखवा. अॅनिमॅटिक पाहिलेली मुलं आता कामाची नाहीत, त्यांना गोष्ट माहीत आहे. भाग आधीच भरपूर ठोकळ्यांतून चार काढून देणाऱ्या मुलालाही दाखवू नका, त्याला शिकण्यासारखं काही नाही. एकदा बघून जमलं नाही तर सलग तीन-चार दिवस तोच भाग लावा. या वयात पुन्हा बघण्याचा कंटाळा फक्त मोठ्यांना येतो. 'ब्लूज क्लूज' ही मालिका सुरुवातीला एकच भाग आठवड्याचे पाचही दिवस दाखवायची, ते याच कारणाने.

त्यानंतर ठोकळे मांडून चार मागा. जमत नसेल तर काय बिघडलं ते असं शोधा. मूल गोष्ट नीट सांगतं पण चार देत नाही: टप्पा ३, धडा गाठीवर नाही. गोष्टच अर्धवट सांगतं: टप्पा ४ मध्ये मारलेल्या रेघांकडे तुम्ही काणाडोळा केलात. गोष्ट सांगतं, झिपरीच्या पाच खुर्च्यांवर हसतं आणि पाच ठोकळे देतं: चुकीची मोजणी बरोबर मोजणीपेक्षा मजेदार झाली आहे, ती छोटी करा आणि बरोबर मोजणीला तिच्याहून चांगली गंमत द्या. आणि ठोकळे बाजूला सारून 'झिपरी कुठेय?' विचारत असेल, तर बाहुलीला हात लावू नका, ती नीट झाली आहे. संहिता काढा आणि टप्पा १ चं वाक्य पुन्हा वाचा.